चूल विझलेली, तरी घरभर धुराचा वास

वर्सोवा कोळीवाड्यातल्या आमच्या घरी अजून लाकडाची चूल आहे. पावसाळा लागला की चूल थंड असतानाही घरभर ओल्या काजळीचा वास सुटायचा. आई म्हणायची, लाकडं ओली. पण वास यायचा तो एक्झॉस्ट फॅन लावला की! खिडक्या बंद, फॅन आतली हवा बाहेर फेकतोय, मग भरपाईची हवा येणार कुठून? धुराड्यातूनच. चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली, तर धूर खोलीकडे वळला. खिडकी उघडताच सरळ वर गेला. धुराडं खरवडून घेतलं. आत डांबरासारखा चकचकीत थर, ओल धरलेला. वर पत्र्याची टोपी बसवली. आता फॅन लावायच्या आधी खिडकी उघडतो. चूल पेटलेली असेल तेव्हा तर हे पाळाच, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, तो खोलीत आला तरी कळत नाही.