वेबसाइटवरून डेटा ओढणारा मॅक्रो रखडतोय?

एक्सेलचा मॅक्रो (कामं आपोआप करणारा छोटा कोड) वेबपानांवरून डेटा आणतो पण शीट तासभर लुकलुकत बसते, तर दोष फक्त नेटचाच असेल असं नाही, आपण एकेक सेल भरतो त्याचाही असू शकतो.

१. लूपमध्ये (कोडचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) सेलला हातच लावू नका, सगळं एका टू-डी ॲरेमध्ये (मेमरीतला ओळी-स्तंभांचा तक्ता) साठवा.
२. लूप संपला की रेंज (शीटमधला सेलचा पट्टा) ॲरेच्या मापाची रीसाइझ करून पूर्ण ॲरे कोडच्या एकाच ओळीने शीटवर ओता, ५००० ओळी असल्या तरी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उतरतात.
३. सुरुवातीला कॅल्क्युलेशन मॅन्युअल करा, म्हणजे प्रत्येक बदलाला एक्सेल सूत्रं पुन्हा मोजत बसत नाही, आणि शेवटी परत ऑटोमॅटिक करा.

फक्त एक, मॅक्रो मध्येच एररने थांबला तर कॅल्क्युलेशन मॅन्युअलच राहतं आणि बेरजा जुन्याच दिसत राहतात (मी यात अर्धा दिवस घालवलाय), म्हणून एरर हँडलरमध्येही (एरर आल्यावर चालणारा कोडचा भाग) ते परत ऑटोमॅटिक करायची ओळ टाकाच.