फ्रेंचमध्ये देशाचं लिंग कसं ओळखायचं

मराठीत भारत जिंकतो आणि श्रीलंका जिंकते. फ्रेंचमध्ये नेमकं उलट आहे: भारत स्त्रीलिंगी, श्रीलंका पुल्लिंगी. तेव्हा कानावर विसंबू नका, स्पेलिंग बघा.

रोमन लिपीतलं फ्रेंच नाव ‘ई’ या अक्षरावर संपत असेल, तर देश स्त्रीलिंगी. ला फ्राँस, ला शीन (चीन), ला र्‍यूसी (रशिया) ही त्यातलीच; नावाआधीचं ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद. हा शेवटचा ‘ई’ सहसा उच्चारला जात नाही, म्हणून नुसतं ऐकून शिकणारे इथेच फसतात. बाकी कोणत्याही अक्षरावर संपणारं नाव पुल्लिंगी: ल झापों (जपान), ल ब्रेझील, ल मारॉक (मोरोक्को); इथलं ‘ल’ हे पुल्लिंगी उपपद. ‘ए’वर संपणारी कॅनडा, केनिया, पनामा ही नावंही पुल्लिंगीच. श्रीलंकाही त्याच रांगेत.

नियम मोडणारी नावं थोडी आहेत, ती सरळ पाठ करा. मेक्सिको, कंबोडिया, मोझांबिक, झिंबाब्वे, बेलीझ आणि सुरिनाम यांच्या फ्रेंच नावांच्या शेवटी ‘ई’ असूनही ती पुल्लिंगी आहेत. जोडनावांत मुख्य शब्द बघायचा. युनायटेड किंगडमच्या फ्रेंच नावात ‘राज्य’ या अर्थाचा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून देशही पुल्लिंगी.

लिंग कळलं की खरी कसोटी ‘-त’ या प्रत्ययाची. ‘फ्रान्समध्ये’ आणि ‘फ्रान्सला’ या दोन्हींसाठी फ्रेंच एकच शब्द वापरते, पण तो देशागणिक बदलतो. स्त्रीलिंगी देशाआधी नाकातला ‘आँ’: आँ फ्राँस. पुल्लिंगी देशाआधी ‘ओ’: ओ झापों. अनेकवचनी नावाआधीही उच्चार ‘ओ’च, फक्त लेखनात शेवटी एक ‘एक्स’ वाढतो. पुढे स्वर आला की तो ‘झ’ होऊन ऐकू येतो, म्हणून अमेरिकेत म्हणजे ‘ओझेताझ्यूनी’. नेदरलँड्स, फिलिपिन्स, मालदीव हे याच गटातले.

मेख पुढे आहे. पुल्लिंगी नाव स्वराने सुरू होत असेल, तर ‘ओ’ चालत नाही, कारण दोन स्वर एकमेकांवर आदळतात. इराण, इराक, अंगोला पुल्लिंगी असूनही तिथे ‘आँ’च येतो. म्हणून ‘आँ’ दिसला की देश स्त्रीलिंगी, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

काही देशांना उपपदच नसतं: क्यूबा, मादागास्कर, सिंगापूर, सायप्रस, माल्टा. यांच्याआधी साधा ‘आ’ लावायचा: आ क्यूबा. इस्रायललाही उपपद नाही, पण नाव स्वराने सुरू होतं, म्हणून तिथे ‘आँ’.

सर्रास होणारी चूक म्हणजे ‘आँ ला फ्राँस’. ‘आँ’नंतर उपपद येत नाही. ‘ओ’च्या पोटात ते आधीच मुरलेलं असतं: ‘आ’ आणि ‘ल’ मिळून ‘ओ’ झालेला आहे. मात्र नावाला विशेषण जोडलं की गणित बदलतं. ‘आधुनिक भारतात’ म्हणताना ‘आँ’ जाऊन ‘दाँ’ येतो आणि उपपदही परततं.

‘-हून’साठी हेच गट कामाला येतात. फ्रान्सहून ‘द फ्राँस’, जपानहून ‘द्यू झापों’, अमेरिकेहून ‘देझेताझ्यूनी’, इराणहून ‘दीराँ’. पण ‘फ्रान्सची राजधानी’ म्हणताना उपपद ठेवावंच लागतं: द ला फ्राँस. आवडणं, पाहणं, ओळखणं या क्रियापदांनंतरही ते गाळायचं नाही.

पाठांतराची एक युक्ती. वहीत नुसतं ‘झापों’ लिहू नका, ‘ओ झापों’ लिहा. भारताच्या नावात तर उपपदातला स्वर गळून ‘लँद’ एवढंच उरतं आणि लिंग दिसेनासं होतं. तिथे एखादं विशेषण जोडून लिहा: ‘भारत मोठा आहे’ या वाक्यात ‘ग्राँ’ नव्हे, ‘ग्राँद’ येतं.