पाचवा गिअर बसवण्याआधी

जुनी अँबॅसिडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्याला कधी ना कधी पाच गिअरच्या बॉक्सचा मोह होतोच. बॉक्स शोधायला निघण्याआधी गाडी कुठे फिरणार ते ठरवा. पणजी, म्हापसा, फोंडा आणि अधूनमधून बेळगाव एवढंच असेल, तर तुमची गाठ अनमोड आणि चोर्ल्याच्या घाटांशी आहे, आणि चढावर पाचवा हाताला लागतच नाही. तिथे दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर बघायचं. दुसऱ्याचा रेशो (बॉक्समागच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) २.२ आणि तिसऱ्याचा १.४ असेल तर मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर गिअर बदलल्यावर इंजिन साधारण २२०० वर येतं. दुसरा २.४ असता तर ते २०५० च्याही खाली गेलं असतं. १०८९ सीसीच्या पद्मिनीत चार माणसं बसलेली असताना हा फरक लगेच कळतो, गाडी धापा टाकते आणि तुम्ही परत दुसऱ्यात. पाचव्याचा खरा फायदा हायवे ६६ ने नेहमी मुंबई गाठणाऱ्याला.

मग मोजणी. टायरमध्ये रोजची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी चाकाचा एक फेरा होईल एवढी ढकला आणि टेप लावा. टायरच्या बाजूवर छापलेल्या मापावरून हिशेब करू नका, वजनाखाली टायर दबतो. डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरजोडीचा, रेशो काढायला एक मागचं चाक उचला, खाली स्टँड लावा, बॉक्स न्यूट्रलमध्ये. हॅन्डब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून ओंडके हवेतच. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि बॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा, तोच रेशो. साडेचारच्या आसपास आले आणि उघडल्यावर त्यातल्या मोठ्या चक्राला (क्राऊन) ४१, लहानाला (पिनियन) ९ दात निघाले, तर नेमका ४.५६.

आता कागद घ्या. टायरचा फेर २ मीटर, रेशो ४.५६, चौथा सरळ १. तीन हजार फेऱ्यांना गाडी ताशी ७९ किलोमीटर जाते. पाचवा ०.८५ चा बसवला तर तेवढ्याच वेगाला इंजिन २५५० वर, कानाला आणि पेट्रोलला तेवढीच विश्रांती. काहीजण बॉक्स तसाच ठेवून क्राऊन-पिनियन ३.९ चं घालतात. मला हे गोव्यासाठी पटत नाही. पहिला ३.५ असेल तर एकूण जोर १६ वरून पावणेचौदाच्या खाली येतो, आणि पावसात चढावर थांबलेली गाडी उचलताना क्लच जळतो.

बॉक्स बघायला जाताना आपल्या गाडीची जुनी क्लच प्लेट सोबत न्या. बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर ती हाताने सरकली नाही, तर स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) वेगळे. मग प्लेट बॉक्सच्या स्प्लाइनची, पण व्यास आपल्या फ्लायव्हीलचा, अशी शोधावी लागेल. शाफ्टचं टोक क्रँकमधल्या बुशात कसं बसतं, तेही मोजा. अँबॅसिडरमध्ये इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाबरोबर आलेला पाच गिअरचा बॉक्स सगळ्यांना हवा असतो, पण त्याच्या बेल हाउसिंगची (इंजिनाला जोडणाऱ्या कवचाची) भोकं जुन्या १४८९ सीसी इंजिनाला जुळतील असं धरून पैसे देऊ नका. लेथवर अडॉप्टर प्लेट करून घ्यायची असेल तर ती मध्यावर आहे की नाही हे डायल गेजने तपासल्याशिवाय उचलू नका. रनआउट, म्हणजे फिरवताना गेजवर दिसणारा फरक, ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असला तर बेअरिंग आणि क्लच दोन्ही खराब होतात, आणि दोष बॉक्सवर जातो.

स्टार्टर दात पकडतो का, क्लचचा काटा पुरतो का, स्पीडोमीटरचा लहान गिअर नव्या रेशोला जुळवला का, रिव्हर्सचा स्विच. ही यादी भिंतीवर लावा. प्रोपेलर शाफ्ट कापला तर बॅलन्सिंग करूनच घ्या, आणि बॉक्सचा व पिनियनचा कोन एकमेकांना समांतर राहील असं मागचं माउंट बसवा. चॅसीला हात लावणार असाल तर आधी आरटीओत विचारा. नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी बदलत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं.

काम पावसाआधी धरा. किनाऱ्याकडच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात, त्यांना आदल्या दिवशीच तेल पाजून ठेवा. चवथीला गावी जायची गाडी असेल तर जून ओलांडून तिला उघडूच नका. जुना बॉक्स भंगारात घालू नका, ग्रीस लावून कोरड्या जागी ठेवा.

पितळी सिंक्रो रिंगांच्या (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांच्या) बॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेलच घाला, जीएल-५ डिफरन्शियलसाठी. पहिली चाचणी रिकाम्या गाडीने करमल घाटात, दुसरी घरचे सगळे बसवून. ५०० किलोमीटर झाल्यावर तेल पांढऱ्या फडक्यावर काढा. करडा चिखल चालेल, पण पितळी चकाकी भरपूर दिसली तर बॉक्स पुन्हा खाली उतरवायचा.