वांगसिम्नी हे नाव पायी चालून कसं समजून घ्यावं

ऑक्टोबरात जा आणि सकाळी सातलाच निघा. वेळ चुकवू नका, कारण पुढे येईलच.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथल्या दोन नंबर मेट्रोनं वांगसिम्नीला उतरा. या स्टेशनामागे मी दोन वर्षं भाड्यानं राहिले. आधी नाव फोडून घ्या. वांग म्हणजे जा, सिप म्हणजे दहा, री हे अंतराचं जुनं माप. अप् + मय जोडलं की जसं अम्मय होतं, तसंच सिप आणि री जोडून तोंडात 'सिम्नी' येतं. दहा री म्हणजे साधारण चार किलोमीटर, आपला सव्वा कोस.

आता गोष्ट. १३९२ मध्ये कोरियात जोसॉन राज्य उभं राहिलं आणि राजा ई सॉंग-ग्येसाठी भिक्षू मुहाक राजधानीची जागा शोधत होता. इथली जमीन त्याला आवडली. तेवढ्यात बैलावर बसलेला एक म्हातारा बैलाला ओरडला, "मुहाकसारखाच मठ्ठ आहेस! चांगली वाट सोडून भलतीकडे जातोस." मुहाकनं त्याचे पाय धरले. म्हातारा म्हणाला, वायव्येला अजून दहा री जा. तिथे आज ग्यॉंगबोकगुंग राजवाडा आहे. हा म्हातारा म्हणजे भिक्षू दोसॉन, असं सांगतात. दोसॉन तर ८९८ मध्येच वारलेला, तेव्हा ही दंतकथाच. पण वस्तीनं दोघांनाही जवळ ठेवलंय. दोसॉन-दोंग (दोंग म्हणजे वस्ती) आणि मुहाक-रो (रो म्हणजे रस्ता), या दोन्ही पाट्या शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग पश्चिमेकडे चालू लागा. सांगवांगसिम्नी (सांग म्हणजे वरचं), मग सिन्दांग, मग शहराची पूर्वेकडची जुनी वेस, हुंगिन्जिमुन. पाऊण तास पुरतो. राजवाडा त्याच्याही पुढे आहे. तिथवर गेलात तर अंतर दहा रीपेक्षा चांगलंच जास्त भरतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. दहा म्हणजे 'अजून थोडं पुढे'.

माझ्या मनात मात्र राजापेक्षा भाजीवाले जास्त आहेत. इथे मळे होते. पाणथळ जागी वाढणारी मिनारी ही सुवासिक पालेभाजी इथून शहरात जायची. माझ्या घरमालकीण आजी मिनारी निवडताना एक जुनी म्हण सांगायच्या: वांगसिम्नीच्या मिनारीवाल्याची मान काळी, मापोच्या कोळंबीवाल्याचं तोंड काळं. मापो पश्चिमेला, तिथले खारवलेली कोळंबी घेऊन उगवत्या सूर्याकडे चालत येत. इथल्यांच्या पाठीवर ऊन.

वेशीपाशी पोचलात की मानेवर हात ठेवून बघा. गरम लागेल.