कागदी कपांनी हवेचा रोध कसा तपासावा?

दगड आणि पीस एकदम सोडून हवेचा रोध दाखवायची पद्धत मला पटत नाही. त्यात वजनही वेगळं आणि आकारही वेगळा, मग फरक कशामुळे पडला हे कळणार कसं? त्यापेक्षा कपकेक भाजायचे पातळ कागदी कप घ्या. एकात एक बसवले की वजन वाढतं, आकार मात्र जवळपास तोच राहतो.

पाच सारखे कप, मोजायची टेप आणि मोबाइल एवढंच लागेल. भिंतीवर जमिनीपासून 1 आणि 2 मीटरवर खुणा करा. पंखा आणि खिडक्या बंद ठेवा, नाहीतर कप भरकटतो.

आधी एकच कप बूड खाली धरून 2 मीटरवरून सोडा आणि स्लो मोशनमध्ये टिपा. व्हिडिओ सावकाश पाहा. कप वीतभर खाली येईपर्यंत वेग घेतो, पुढे वेग वाढतच नाही. वेगासोबत हवेचा रोधही वाढतो आणि तो वजनाइतका झाला की कप एकाच वेगाने उतरत राहतो. हा त्याचा अंतिम वेग. मोठा पावसाचा थेंबही असाच सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने जमिनीवर येतो. हवा नसती तर 2 किलोमीटरवरून पडताना त्याने ताशी 700 किलोमीटर गाठले असते!

आता खरी गंमत. चार कप एकात एक बसवून 2 मीटरवर धरा, उरलेला एकटा कप 1 मीटरवर. दोघं मिळून एकदम सोडा. त्याआधी अंदाज मात्र जरूर बांधा. वजन चौपट म्हणून वेगही चौपट झाला, तर चार कप निम्म्या वेळात पोचायला हवेत. प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ एकदमच टेकतात, म्हणजे वेग फक्त दुप्पट झालेला असतो. कारण अशा वस्तूंवरचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, रोध चौपट. चार कप किंचित उशिरा टेकले तरी बिघडलं नाही. त्यांना अंतिम वेग गाठायला जास्त अंतर लागतं. कप उलटला तर ती खेप सोडून द्या.

शेवटी एका कपाची घट्ट गोळी करून 2 मीटरवरून सोडा. हवा नसताना एवढं अंतर 0.64 सेकंदात कापलं जातं. वजन न बदलताही गोळी या वेळेच्या किती जवळ जाते, ते व्हिडिओवरून मोजा.