घरी गाडीचे ऑइल बदलण्यासाठी हत्यारे कशी निवडावीत

गाडीचे ऑइल घरीच बदलायचे ठरवले की बरेच जण आधी शंभर-दीडशे नगांची चकचकीत पेटी विकत घेतात आणि प्रत्यक्षात त्यातली चार-पाच हत्यारेच वापरतात. त्याऐवजी गाडीखाली डोकावून चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा बोल्ट, ऑइल फिल्टर आणि गिअरबॉक्सचे बोल्ट नीट पाहावेत, त्यांची मापे कागदावर उतरवावीत आणि तो कागद घेऊनच पुण्याच्या नाना पेठेत किंवा बोहरी आळीत हत्यारांच्या बाजारात जावे. जे हत्यार गाडी पेलते आणि जे हत्यार बोल्टला धरते, त्यांवर हात आखडता घेऊ नये. बाकीच्या वस्तू स्वस्तातल्या घेतल्या तरी भागते.

गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. गाडी ट्रॉली जॅकने उचलावी, पण ती टेकवावी जॅक स्टँडवरच, आणि स्टँड घेताना त्यावर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे दुकानातच विचारून घ्यावे. आपल्याकडे अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि पाणी वाहून जावे म्हणून थोडा उतारही दिलेला असतो. ब्लॉक एकीकडे दबला तर स्टँड कलंडू शकतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात डांबरावर स्टँडचे पाय रुततात. म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा, जमिनीवरच्या चाकांना पाचर लावावी आणि उतार डोळ्यांना जाणवत असेल तर तिथे गाडी उचलूच नये. गाडी उचलायची सोयच नसेल, तर डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल ओढून घेणारा पंप मिळतो. मात्र फिल्टर खालच्या बाजूला असेल, तर त्यासाठी गाडीखाली जावेच लागते.

आता बोल्टकडे वळू. चेंबरचा बोल्ट बहुधा १४, १७ किंवा १९ नंबरचा (म्हणजे तितक्या मिलिमीटरचा) असतो आणि त्याला सहा कोनांचा सॉकेटच लावावा, कारण तो बोल्टच्या सपाट बाजूंना धरतो. बारा कोनांचा पाना कोपऱ्यांजवळ जोर लावतो. काही वर्षांपूर्वी मी बारा कोनांच्या, किंचित सैल बसणाऱ्या रिंग पान्याने १७ नंबरचा बोल्ट सोडवायला गेलो. हाताला फक्त काहीतरी निसटल्यासारखे वाटले, आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले तर सहा कोपऱ्यांच्या जागी चकाकणारी गोल कड उरली होती. शेवटी मेकॅनिकने १६ नंबरचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवला, तेव्हा कुठे तो बोल्ट सुटला.

बोल्ट सोडवताना जितकी काळजी घ्यावी लागते, त्याहून जास्त तो आवळताना घ्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की दुरुस्ती महागात पडते, म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येणारा पाना, ही मला चैन वाटत नाही. बऱ्याच लहान गाड्यांत हा बोल्ट ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा मोठा रेंच या कामाला नको, कारण मोजपट्टीच्या तळाशी त्याचा नेम विश्वासार्ह राहत नाही. साधारण २० ते १०० न्यूटन-मीटरचा घ्यावा, त्याने बोल्ट सोडवू नये आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा लावावा; जुना चेंबरला चिकटून राहिला असेल तर नखाने काढावा, नाहीतर दोन वॉशर एकावर एक बसतात आणि ऑइल झिरपते.

फिल्टरसाठी त्याच्या मापाची टोपी किंवा पट्ट्याचा पाना चालतो, पण तो फक्त काढण्यासाठी. नवा फिल्टर रबराला ऑइल लावून हातानेच बसवावा. जुने ऑइल झेलायचे तसराळे आठ-दहा लिटरचे आणि पसरट असावे, कारण सुरुवातीची धार सरळ खाली न पडता पुढे जाते.

ब्रेक ऑइलचे काम वेगळ्या जातीचे आहे. ब्लीडर निपलला (चाकाजवळच्या, जुने ब्रेक ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या बोल्टला) साधा फिक्स पाना न लावता फ्लेअर नटचा, म्हणजे जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा पाना लावावा, सोबत पारदर्शक नळी आणि बाटली घ्यावी, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणावर डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) लिहिले असेल तर तेच, सीलबंद डब्यातले वापरावे. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ आहे. सिंहगडाचा घाट उतरताना ब्रेक तापतात, तेव्हा हा फरक पायाला जाणवू शकतो. कूलंटसाठी मात्र नरसाळे आणि डिस्टिल्ड वॉटर पुरते. टाकीचे झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडावे आणि सांडलेले कूलंट लगेच पुसावे, कारण ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते. गिअर ऑइलसाठी हातपंप घ्यावा आणि भरण्याचा बोल्ट सुटतो याची खात्री झाल्याशिवाय खालचा बोल्ट सोडू नये.

जुने ऑइल पावसाळी गटारात गेले तर ते मुळा-मुठेत पोचते. म्हणून घट्ट झाकणाचा पाच लिटरचा कॅन आधीच आणून ठेवावा आणि तो वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावा. काम संपल्यावर इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, थोड्या वेळाने डिपस्टिक पाहावी, चेंबरखाली पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी त्यावर एकही थेंब नसेल, तरच गाडी बाहेर काढावी.