'संशयकल्लोळ' शिकवताना आधी तसबीर

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' हे संगीत नाटक वर्गात वाचण्याआधी पुठ्ठ्याची तळहाताएवढी तसबीर करा. नाटकात ती रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेठची. रेवतीच्या हातून ती पडते, कृत्तिकेला सापडते आणि तिचा संशयी नवरा फाल्गुनराव नेमका तेव्हाच पाहतो: एवढा भाग तिघा मुलांकडून मुक्यानेच दोनदा करून घ्या. बाकीच्यांनी फळ्यावर रकाने भरायचे: तसबीर कुणाकडे, कुणी पाहिली, त्याला काय वाटलं. संवाद त्यानंतर. हमखास फसतो तो फाल्गुनराव. जत्रेच्या मांडवात नाटकं बघत वाढलेली आपली गोव्याची मुलं पहिल्याच वाक्याला टिपेला जातात, मग संशय चढवायला जागाच उरत नाही. पहिलं वाचन कुजबुजत घ्या. हसायचं प्रेक्षकांनी, पात्राला स्वतःचा संशय खराच वाटायला हवा. पदं मुखड्यापुरती पुरेत.